माझ्या सहीशिवाय जॉब बाहेर पडत नाही

ताई,
नमस्कार. वय ३४, भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दीडशेच्या आसपास माणसं. मालक चांगले आहेत. लॉकडाऊनमध्ये एकाचाही पगार कापला नाही. आईच्या अँजिओप्लास्टीला दोन लाख उचल दिली, ती अजून फिटायची आहे. गेल्या वर्षी एक्स्पोर्टची नवी ऑर्डर आली. ॲल्युमिनियमचा जॉब, तळहातावर मावेल एवढा, चार होल, एक खाच. ड्रॉइंगवर नुसता पार्ट नंबर, कशाचा पार्ट ते लिहिलेलं नाही. परचेसमधला मित्र म्हणाला, गिऱ्हाईक युरोपातलं आहे, विमानातून टाकायच्या बॉम्बच्या शेपटीची किट बनवतं. रात्री फोनवर शोधत बसलो. त्यांचा माल सौदीला जातो, तिथून येमेन, मग तो शाळकरी मुलांच्या बसचा फोटो, निळी दप्तरं. तेव्हापासून झोप नाही. बायको म्हणते, तू काय जगाचा मक्ता घेतलायस का? सासरे फौजेतून रिटायर झालेत, ते म्हणतात, ते येमेनमधले हुथी बंडखोर तरी काय संत लागून गेलेत? मित्र म्हणतात, तू नाही केलंस तर दुसरा करेल. पण ताई, माझ्या सहीशिवाय तो जॉब बाहेर पडत नाही. मागच्या महिन्यात मी अकरा चांगले पीस रिजेक्ट केले. कुणाला कळलं नाही. त्या रात्री मात्र झोप लागली. नोकरी सोडू का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

तुला 'तू' म्हणते. माझ्या धाकट्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा आहेस.

सुरुवात अकरा पीसपासून करू, कारण पत्रात ते तू शेवटी, दोन ओळींत उरकलंस. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, तीस वर्षं वर्कशॉप चालवतात. तुझं गाव-नाव काही न सांगता त्यांना विचारलं, की चांगला जॉब मुद्दाम रिजेक्ट केला तर काय होतं हो? चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ऑपरेटरच्या नावावर पडतं. त्याचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह जातो. दुसऱ्यांदा झालं तर त्याला जुन्या मशिनवर टाकतात. कंत्राटी असेल तर तिसऱ्यांदा बोलवतच नाहीत."

तू लिहितोस, कुणाला कळलं नाही. त्या शिफ्टला व्हीएमसी मशिनवर जो पोरगा उभा होता, त्याला कळलं असेल. आपला हात कुठे चुकला म्हणून त्याने टूल बदलून पाहिलं असेल, ऑफसेट पुन्हा घेतला असेल. बीड नाहीतर बिहारकडून आलेला असेल, चौघांत एक खोली घेऊन राहत असेल. त्या युद्धाला तुझा विरोध आहे, त्याची पावती त्याच्या नावावर का फाडलीस? त्या रात्री तुला झोप लागली ती त्याच्या खर्चाने लागली, एवढं मला तुला आधी सांगायचं होतं. रागावू नकोस. बाकी पत्र वाचून मला तुझा अभिमानच वाटला. म्हणूनच हे अकरा पीस खुपले.

आता तुझ्या त्या फोटोबद्दल.

ती बस ९ ऑगस्ट २०१८ ची. उत्तर येमेनमधल्या सादा प्रांतात दह्यान नावाचं गाव आहे. मुलं सहलीला निघाली होती, बस बाजारात थांबली होती. हुथी बंडखोरांशी लढणाऱ्या सौदीच्या आघाडीच्या विमानाने बॉम्ब टाकला. ५१ माणसं गेली, त्यांत ४० मुलं. बॉम्ब अमेरिकी बनावटीचा, एमके-८२ जातीचा, सव्वादोनशे किलोचा, लेझरने नेमक्या जागी जाणारा. दप्तरं निळी होती, कारण ती युनिसेफने वाटलेली. आघाडीने आधी हल्ला योग्यच होता असं सांगितलं आणि सप्टेंबर उजाडल्यावर चूक कबूल केली. हे तू वाचलंच असशील.

तुझ्या कामाच्या जास्त जवळची गोष्ट मात्र दुसरी आहे. ८ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे होदेदा प्रांतातल्या देर अल-हजारी या खेड्यात एका घरावर बॉम्ब पडला. घरातली सहा माणसं गेली, गरोदर आई आणि चार मुलं त्यांतच. सना शहरात 'म्वाताना' नावाची येमेनी माणसांचीच संस्था आहे. हल्ला झाला की त्यांची माणसं जागेवर जातात, मेलेल्यांची नावं लिहून घेतात, बॉम्बचे तुकडे गोळा करतात, आणि सौदी असो की हुथी, कुणालाच सोडत नाहीत. त्यांना त्या ढिगाऱ्यात एक कडी सापडली. बॉम्ब विमानाखाली टांगायचा असतो ना, त्यासाठी असते ती. बॉम्ब फुटला, घर गेलं, माणसं गेली, कडी राहिली. तिच्यावरच्या खुणेवरून कारखाना कळला: इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचं दोमुसनोवास गाव, कंपनी आरडब्ल्यूएम इटालिया.

ती कडी कुणीतरी मशिनवर घेतली असेल, कुणीतरी कडांची बर घासून काढली असेल, कुणीतरी मायक्रोमीटर लावून ओके केली असेल. तो माणूस वाईट होता असं मला म्हणायचं नाही. दोमुसनोवासच्या भोवतीच्या खाणी बंद पडल्यात, काम मिळणं मुश्कील. इटलीच्या सरकारने २०१९ मध्ये सौदीला जाणारे बॉम्ब थांबवले आणि २०२१ च्या जानेवारीत परवानेच रद्द केले, तेव्हा तिथले कामगार रस्त्यावर आले, आमच्या पोटाचं काय म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. त्याच भागात दुसरा गट कारखान्याच्या विरोधात उभा होता. एकाच भागातली माणसं. म्वातानाने २०१८ मध्ये इतर संस्थांच्या साथीने रोममध्ये फौजदारी तक्रार केली, ती पाच वर्षांनी खटल्यावाचून बंद झाली. आणि २०२३ मध्ये नव्या सरकारने बंदी उठवली. म्हणजे बघ, सरकारं थांबवतात आणि सुरूही करतात. सरकारच्या निर्णयावर आपली झोप टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

बॉम्बने मेलेली ती मुलं तुझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एक गोष्ट सांगते, ती फोटोत येत नाही आणि तुझ्यासारख्या इंजिनिअरला माझ्यापेक्षा जास्त कळेल. येमेन बहुतेक सगळा गहू बाहेरून आणतो, आणि त्यातला मोठा भाग होदेदा बंदरात उतरतो. ऑगस्ट २०१५ मध्ये आघाडीच्या विमानांनी त्या बंदरातल्या क्रेन उडवल्या. क्रेन पडली म्हणून त्या दिवशी किती मेले? फारसे नसतील. पण जहाजं समुद्रात ताटकळली, उतरवायला कितीतरी पट वेळ लागू लागला, धान्य महाग झालं. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने बदली क्रेन विकत घेतल्या, त्या बंदरात पोचू दिल्या नाहीत, अखेर जानेवारी २०१८ मध्ये उभ्या राहिल्या. अडीच वर्षं गेली. मधल्या काळात कॉलरा आला. २०१७ संपेस्तोवर संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, यूएनडीपीचा, अंदाज आहे की २०२१ संपेपर्यंत या युद्धाने सुमारे ३,७७,००० माणसं नेली, आणि त्यातली ६० टक्के बॉम्बने वा गोळीने मेलेलीच नाहीत. भूक, घाण पाणी, बंद दवाखाना. मेलेल्यांत सर्वांत जास्त संख्या पाच वर्षांखालच्या पोरांची. त्यांच्या दप्तरांचा फोटो कुणी काढला नाही, त्यांना दप्तराचं वयच आलं नव्हतं.

हे तुझं ओझं वाढवायला सांगत नाही. रात्री दोन वाजता तू त्या एका फोटोकडे बघत बसतोस, त्याने युद्ध कळत नाही. फोटो तुला फक्त जाळतो. वाचायचंच असेल तर सकाळी, चहा घेऊन, म्वातानाचे अहवाल वाच. त्यात माणसं नावानिशी आहेत, आणि हुथींनी पेरलेले सुरुंग, लढायला ओढून नेलेली मुलं, तैझ शहराचा वेढा, हेही आहे. जून २०१९ मध्ये अन्न कार्यक्रमाला हुथींच्या ताब्यातल्या सनातलं काही धान्यवाटप थांबवावं लागलं, कारण उपाशी माणसांच्या तोंडचा घास मधल्यामध्ये पळवला जात होता. तेव्हा तुझ्या सासऱ्यांना बेधडक सांग, हुथी संत नाहीतच. बाजारात थांबलेल्या बसमधली मुलं हुथी नव्हती, एवढंच.

सासऱ्यांशी भांडू नकोस. ते जे विचारतात ते मलाही विचारायला हवं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ चा कारखाना तो, आमचं अख्खं बालपण त्याच्या भोंग्यावर चाललं. १९७१ ला मी आठ वर्षांची होते. वडील दुहेरी पाळी करून यायचे आणि हात खरवडून धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय आम्हाला जवळ घ्यायचे नाहीत. आमची फी त्या पगारातून गेली, माझ्या लग्नातले वाटीमंगळसूत्रही. त्यामुळे शस्त्र दिसलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, आणि तू तसा व्हावंस अशी माझी इच्छाही नाही. घराच्या दारात उभं राहून केलेलं रक्षण मला कळतं. पण वडिलांना तेव्हा ठाऊक होतं की गोळा कुठे जाणार आहे, कुणाच्या हाताने, कशासाठी. निदान तसं ते समजून होते. तुला तर ड्रॉइंगवर पार्ट नंबरखेरीज काहीच लिहून दिलेलं नाही. सासऱ्यांना हा फरक विचारून बघ. फौजेतल्या माणसाला हुकूम कुणाचा, हे विचारायची सवय असते. ते तुझ्या बाजूने बोलले तर मला नवल वाटणार नाही.

येमेन लांब आहे, ते खरंच. पण 'एडन' हा शब्द आपण शाळेतच शिकतो, वासुदेव बळवंत फडक्यांच्या धड्यात. १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथल्या तुरुंगात गेले. एडन येमेनचंच. १८३९ मध्ये ते घेतलं मुंबईहून गेलेल्या फौजेने, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. आमच्या वर्गात मी नकाशावर एडन दाखवायची तेव्हा मुलं विचारायची, बाई, तिथे आता कोण राहतं? मी म्हणायची, असतील अरब लोक. पुढचा धडा. चाळीस वर्षं शिकवलं, पण त्या प्रश्नाचं याहून बरं उत्तर मी शोधलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये आपल्या नौदलाने एडन, होदेदाहून आणि एअर इंडियाच्या विमानांनी सनाहून माणसं काढली, भारतीय साडेचार हजारांवर आणि परदेशी नऊशेच्या पुढे, तेव्हा टीव्हीवर ती बंदरं पाहिली. आपली माणसं आली आणि आपण टीव्ही बंद केला. असो.

आता तुझा प्रश्न. नोकरी सोडायची का?

आज नाही. आधी तुला माहीत काय आहे ते मोज. तू क्वालिटीचा माणूस, अंदाजावर सही करत नाहीस ना? मित्र म्हणाला की गिऱ्हाईक शेपटीची किट बनवतं. गिऱ्हाईकाचा माल सौदीला जातो, हे तू वाचलंस. तुझा चार भोकांचा जॉब त्याच किटमध्ये जातो का, आणि ती किट सौदीलाच जाते का, हे दोन्ही तुला ठाऊक नाही. त्यातून एप्रिल २०२२ च्या युद्धबंदीनंतर सौदी आघाडीचे येमेनवरचे हवाई हल्ले खूपच कमी झाले. म्हणजे तुझ्या हातून गेलेला पीस कदाचित कुठल्याशा गोदामात पडून असेल. पण बॉम्ब म्हणजे काही कोथिंबीर नाही, पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. आणि माहीत नाही हे उत्तर कायमचं पांघरायला बरं असतं, ऊब देतं. म्हणून विचारायचं.

कुणाला? मालकांना. तुझ्या पत्रावरून ते विचारण्याजोगे दिसतात. आपल्याकडे निर्यातीला 'स्कोमेट' नावाची यादी लागू असते. लष्करी वापराच्या वस्तू तिच्या सहाव्या वर्गात येतात, त्यांना संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते आणि माल अखेर कुणाच्या हातात जाणार याचं एंड यूजर सर्टिफिकेट जोडावं लागतं. तेव्हा वेळ मागून घे, केबिनमध्ये जा, दार लाव आणि सरळ विचार: साहेब, हा पार्ट स्कोमेटमध्ये बसतो का, एंड यूजर कोण आहे? हा प्रश्न क्वालिटीच्या माणसाने विचारण्यात वावगं काही नाही. कदाचित त्यांनी स्वतःही विचारलेला नसेल. भोसरीत किती जण विचारतात? ऑर्डर आली, रेट बसला, मशीन भरली. भारताची संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली, वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले. त्यातला कुठला नट कुठे गेला, हे त्या मथळ्यात नव्हतं.

पण ड्रॉइंगचे फोटो काढून कुठे पाठवू नकोस. तू एनडीएवर, म्हणजे कंपनीची गुपितं बाहेर न सांगण्याच्या करारावर, सही केलेली असणार. त्या वाटेने जायचं तर आधी वकील, मग बाकी सगळं, आणि मला तरी त्याची गरज दिसत नाही.

उत्तर समाधानाचं आलं तर उत्तम. ते तसं आलं नाही, किंवा आलंच नाही, तर पुढचं पाऊल असं: या एका पार्ट नंबरवर मी सही करणार नाही, दुसरं कुठलंही काम द्या, पाळी बदला, हे तोंडी सांग आणि चार ओळींत लिहूनही दे. भाषण नको. येमेनचे आकडे नकोत. मालकांना गुन्हेगार ठरवू नकोस आणि शॉपमध्ये सह्या गोळा करत फिरू नकोस. आपल्यापुरतं नाही म्हण.

इथे तुला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने बंड केलं. हॉकर हंटर जातीच्या विमानांनी त्यांच्याच राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यावर, ला मोनेदावर, रॉकेटं सोडली. पुढल्या वर्षी स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइड गावातल्या रोल्स-रॉइसच्या कारखान्यात त्या विमानांची इंजिनं दुरुस्तीला आली. बॉब फुल्टन नावाचा इन्स्पेक्टर होता. इन्स्पेक्टर, बरं का, तुझ्याच खात्यातला. त्याने कागद पाहिला, चिलीचं इंजिन आहे हे कळलं, आणि म्हणाला, मी याला हात लावणार नाही. गुपचूप बिघाड नाही केला. सुपरवायझरला सांगितलं, युनियनला सांगितलं. युनियन मागे उभी राहिली. इंजिनं पेटीत भरून मागच्या आवारात ठेवली गेली आणि चार वर्षं स्कॉटलंडच्या पावसात पडून राहिली. १९७८ मध्ये एका रात्री कुणीतरी ती उचलून नेली. सकाळी आवार रिकामं. कामगारांनी मान हलवली आणि कामाला लागले. आपण केलं त्याचा तिकडे काही उपयोग झाला की नाही, हे त्यांना दशकानुदशकं कळलं नाही. २०१५ मध्ये, म्हातारपणी, चिलीच्या सरकारने त्यांतल्या तिघांना सन्मान दिला.

या गोष्टीतला सन्मान सोडून दे, तो सगळ्यांना मिळत नाही. मला त्यातला मधला काळ आवडतो. चाळीस वर्षं तो माणूस बाजारात गेला असेल, दाढी केली असेल, नातवंडं खेळवली असतील, आणि आपण केलं ते फुकट गेलं असंच समजून जगला असेल. तरी आपण ते का केलं हे त्याला कुणाला पटवावं लागलं नाही. तू मला विचारशील, ताई, माझ्या नकाराने युद्ध थांबेल का? नाही थांबणार. 'दुसरा करेल' म्हणणारे तुझे मित्र खरं बोलतात. दुसरा करेलही. मग त्याला करू दे ना, त्याला विचारू दे स्वतःला. तुझ्या वाट्याचा विचार तू त्याच्या नावावर आधीच का संपवतोस?

फुल्टनच्या आणि तुझ्या गोष्टीत एक मोठा फरक आहे, तो लपवत नाही. त्याच्यामागे युनियन होती. तुझ्या शॉपमध्ये अर्धी माणसं कंत्राटी असणार. मे २०१९ मध्ये जेनोआ बंदरातल्या हमालांनी 'बाहरी यानबू' या सौदी जहाजावर लष्करी वापराचे असल्याचा संशय होता ते जनरेटर चढवायला नकार दिला आणि जहाज ते न घेता गेलं, पण ते शेकडो होते, संघटित होते. तू एकटा आहेस. म्हणून नकार देण्यापूर्वी घरात बोल.

बायकोला अजून तू फोटोच दाखवत असशील. तिला आकडे दाखव. होमलोनचा हप्ता किती, उचल किती उरली, नोटीस पीरियड किती महिन्यांचा, आईच्या गोळ्यांना महिन्याला काय लागतं, सहा महिने पगार नसेल तर काय विकावं लागेल. 'जगाचा मक्ता' हे ती तुझ्या विवेकाला म्हणत नाही, मला वाटतं. तू रात्र रात्र फोन घेऊन बसतोस आणि ती एकटी पडते, त्याला म्हणते. हिशेब दोघांनी मिळून केला तर ती तुझ्याआधी म्हणेल, सांग साहेबांना. किंवा म्हणेल, सहा महिने थांब, उचल फिटू दे. तेही मान्य कर. तेवढ्या काळात पार्ट बदलून मागता येतो, दुसरीकडे अर्ज टाकता येतात. पिंपरी-चिंचवडला क्वालिटीच्या माणसाला काम नाही असं मी तरी ऐकलेलं नाही.

मालक 'नाही' म्हणाले आणि तोच पार्ट तुझ्याच टेबलावर ठेवला, तर? मग सोड. मी तुझ्या जागी असते तर त्या रिपोर्टवर सही केली नसती. वडिलांची आठवण ठेवूनही नसती केली. पण माझ्यावर हप्ता नाही, पेन्शन आहे, त्यामुळे माझं हे वाक्य तू निम्म्यानेच धर. आणि मालकांनी लॉकडाऊनमध्ये केलेले उपकार मनात आण, जरूर आण. उचल फेड, त्यांच्या मुलीच्या लग्नाला जा. उपकाराची परतफेड सहीने करायची नसते.

राहता राहिले ते अकरा पीस. भंगारात गेले असतील तर गेले, परत काढायला मी सांगत नाही. काढलेस तर ते पुन्हा ओके करावे लागतील, आणि ते तुला नकोच आहे. पण तो दंड त्या ऑपरेटरच्या नावावर राहता कामा नये. उद्या शिफ्ट इनचार्जकडे जा आणि सांग, त्या लॉटला माझं मेजरमेंट चुकलं होतं, पोराची चूक नव्हती, नोंद माझ्या नावावर करा. तुझ्या अप्रेझलला लागेल, लागू दे. खरं कारण तिथे सांगायचं की नाही ते तू ठरव. मला वाटतं, मालकांना केबिनमध्ये सांगशील तेव्हा हेही सांगून टाकावंस, नाहीतर पुढचा प्रत्येक प्रश्न तुझ्या घशात अडकेल. त्या पोराला मात्र तू स्वतः सांग, कँटीनमध्ये, बाजूला घेऊन. त्याचं नाव तुला माहीत आहे ना? पत्रात नाही लिहिलंस.

या महिन्याच्या स्लिपमध्ये त्याचा इन्सेंटिव्ह लागला की मला कळव. आणि साहेब स्कोमेटबद्दल काय म्हणाले, तेही.

– ताई